पिकअपसाठी इंजिन लहान घ्यावे की मोठे? खानदेशातील गाडीमालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रावेर-यावल पट्ट्यात केळीची वाहतूक करताना गेली अनेक वर्षे हे प्रश्न मला विचारले जात आहेत. कधी बागेच्या बांधावर, कधी वजनकाट्यावर, तर कधी गाडीचे बुकिंग करण्याच्या आदल्या रात्री फोनवरून. पिकअप हे पुष्कळ घरांत कर्ज काढून घेतलेले उत्पन्नाचे साधन असते आणि चुकीच्या निवडीचा भुर्दंड पुढची पाच वर्षे दर महिन्याच्या हप्त्याबरोबर भरावा लागतो, म्हणून उत्तरे शक्य तितक्या तपशिलाने लिहिली आहेत.

लहान इंजिन आणि मोठे इंजिन म्हणजे नेमके किती सीसीचे?

आपल्याकडे मालवाहू छोट्या गाड्यांचे ढोबळमानाने तीन थर आहेत. सर्वांत खाली ‘छोटा हत्ती’. 2005 मध्ये टाटा एस आली, तेव्हा तिचे डिझेल इंजिन दोन सिलिंडरचे आणि 702 सीसीचे होते. त्यावर साधारण 1,500 सीसीचा थर येतो. टाटा इन्ट्रा व्ही-30 चे इंजिन 1,496 सीसीचे आहे, तर अशोक लेलँड दोस्तचे तीन सिलिंडरचे इंजिन 1,478 सीसीचे आहे. तिसऱ्या थरात महिंद्रा बोलेरो पिकअपचे 2,523 सीसीचे आणि टाटा योद्धाचे 2,179 सीसीचे इंजिन येते. बहुतेकांची अडचण दुसऱ्या आणि तिसऱ्या थरांतून निवड करताना होते, म्हणून पुढील उत्तरे मुख्यतः त्याच निवडीविषयी आहेत.

सीसी जास्त म्हणजे ताकद जास्त, हे खरे आहे का?

पूर्णपणे खरे नाही. सीसी म्हणजे सिलिंडरांची एकूण पोकळी. एका पूर्ण चक्रात इंजिन किती हवा आत घेऊ शकते, याचे ते माप आहे. टर्बोचार्जर तीच हवा दाबून भरतो, त्यामुळे सारख्या सीसीच्या दोन इंजिनांची ओढ बरीच वेगळी असू शकते. याचे उत्तम उदाहरण एकाच कंपनीच्या दोन गाड्यांत दिसते. इन्ट्रा व्ही-30 आणि इन्ट्रा व्ही-50 या दोन्ही गाड्यांचे इंजिन 1,496 सीसीचेच आहे; परंतु पहिलीचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याची ओढ, 140 न्यूटन-मीटर, तर दुसरीचा 220 न्यूटन-मीटर आहे. म्हणजे 2,523 सीसीच्या बोलेरो पिकअपच्या सुमारे 200 न्यूटन-मीटरपेक्षा 1,496 सीसीच्या गाडीचा आकडा मोठा भरतो. म्हणून माहितीपत्रक हातात आल्यावर सीसीच्या रकान्यावर न थांबता टॉर्क किती आहे आणि तो इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांवर मिळतो, हे दोन आकडे आधी पाहावेत.

अश्वशक्तीचा आकडाही एकट्याने वाचू नये, कारण तो इंजिन पूर्ण रेस केल्यावरचा असतो आणि भरलेली गाडी त्या अवस्थेत कोणीही दिवसभर चालवत नाही. चालक घाटात प्रत्यक्षात इंजिन मिनिटाला 2,000 फेऱ्यांच्या आसपास ठेवतो. तेवढ्या फेऱ्यांवर 140 न्यूटन-मीटरचे इंजिन सुमारे 40 अश्वशक्ती देते आणि 200 न्यूटन-मीटरचे सुमारे 57. कागदावर एक गाडी 70 अश्वशक्तीची आणि दुसरी 75 ची असते, त्यामुळे दोन्ही जवळपास सारख्या वाटतात; परंतु घाटातील खरा फरक त्या 5 चा नसून 17 चा असतो. ‘आकडे सारखे, पण ही गाडी ओढत नाही’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिचे मूळ येथे आहे.

भरलेली गाडी घाट चढायला किती ताकद लागते?

याचा हिशेब मांडता येतो. सोयीसाठी दर 100 मीटरला 7 मीटर चढणारा रस्ता धरू, चाकांच्या घर्षणाची नेहमीची तूट धरू, आणि इंजिनापासून चाकापर्यंत पोहोचताना 15 टक्के ताकद वाया जाते असे मानू. गाडी व माल मिळून वजन 2.5 टन असेल, तर ताशी 40 किलोमीटर गतीसाठी इंजिनाकडून सुमारे 37 अश्वशक्ती लागते. वजन 3 टन असेल तर 44. आणि तीच गाडी 4.2 टनांपर्यंत भरली, तर 62. गती ताशी 30 वर आणली, तर हे आकडे अनुक्रमे 28, 33 आणि 47 वर येतात.

आता हे आकडे मागील उत्तरातील 40 आणि 57 यांच्या शेजारी ठेवून पाहावेत. पासिंगइतकाच (आरसी बुकात मंजूर असेल तेवढाच) माल भरलेली, एकूण अडीच टनांची लहान इंजिनाची गाडी ताशी 40 गतीने घाट चढू शकते, मात्र तिच्या हाती शिल्लक काहीच राहत नाही. समोर ट्रक आडवा आला आणि गती मोडली, की खालचा गिअर टाकावाच लागतो. मोठ्या टॉर्कची गाडी तीन टन घेऊनही काही ताकद राखून असते. आणि 4.2 टनांवर मोठ्या इंजिनाचीही दमछाक होते. चाळीसगावहून कन्नड घाट, साक्रीहून नवापूरकडे जाताना कोंडाईबारी, तळोद्याहून धडगावकडे चांदसैली, किंवा तोरणमाळची चढण, यांपैकी कोणताही रस्ता ज्यांच्या आठवड्याच्या कामात तीन-चार वेळा येतो, त्यांनी मोठ्या टॉर्कची गाडी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. लहान गाडी तेथे चढत नाही म्हणून नव्हे; पण रोज दुसऱ्या गिअरमध्ये रेस करून चढणाऱ्या गाडीचे क्लच, टर्बो आणि हेड गॅस्केट लवकर काम काढतात, आणि चालकही थकतो.

माझी सर्व वाहतूक सपाटीवर आहे. तरी मोठे इंजिन घ्यावे का?

नाही. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा असा तापीकाठचा प्रवास करणाऱ्या गाडीला मोठे इंजिन म्हणजे रोजचे वाढीव डिझेल आणि हप्त्यातील वाढीव रक्कम एवढेच ठरते. सपाट रस्त्यावर तीन टनांची गाडी ताशी 40 गतीने न्यायला वीस अश्वशक्तीही लागत नाही.

मोठ्या इंजिनाची गाडी डिझेल किती जास्त खाते?

हा प्रश्न बहुधा ‘लिटरला किती किलोमीटर’ या रूपात विचारला जातो आणि तेथेच हिशेब चुकतो. मालवाहू गाडीचा खर्च टनामागे मोजला पाहिजे. समजा, लहान गाडी 1.2 टन माल घेऊन लिटरला 15 किलोमीटर जाते आणि मोठी गाडी 1.7 टन माल घेऊन 12 किलोमीटर जाते. एका लिटरमध्ये लहान गाडीने 18 टन-किलोमीटर काम केले आणि मोठीने 20.4. म्हणजे दोन्ही पूर्ण भरलेल्या असतील, तर ‘जास्त खाणारी’ गाडी प्रत्यक्षात स्वस्त पडते. परंतु माल रोज एक टनच निघत असेल, तर लहान गाडीचे काम 15 होते आणि मोठीचे 12, किंबहुना हलकी भरल्यामुळे थोडे जास्त. तरीही मोठी गाडी तोट्यात जाते. आणि केळीच्या धंद्यात परतीचा हौदा बहुधा रिकामाच असतो, हेही लक्षात घ्यावे. रिकाम्या परतीच्या प्रत्येक किलोमीटरला मोठी गाडी आपले जादा वजन आणि जादा इंजिन विनाकारण वाहते.

वर्षाचा फरकही काढून पाहावा. वर्षाला 30,000 किलोमीटर चालणाऱ्या गाडीला लिटरमागे 15 ऐवजी 12 किलोमीटर मिळाले, तर 2,000 लिटरऐवजी 2,500 लिटर डिझेल लागते. त्या 500 लिटरची आजच्या भावाने होणारी किंमत, आणि मोठ्या गाडीमुळे वर्षभरात जितक्या फेऱ्या वाचतील त्यांची किंमत, या दोन रकमा एका कागदावर शेजारीशेजारी लिहाव्यात. बुकिंगची रक्कम भरण्यापूर्वी एवढा हिशेब प्रत्येकाने करावा, असा माझा आग्रह असतो.

इंजिन मोठे घेतले, की माल जास्त भरता येईल ना?

हा सर्वांत धोकादायक गैरसमज आहे. गाडीत किती माल भरायचा हे इंजिन ठरवत नाही. ते चेसिस, पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या), मागचा अ‍ॅक्सल, टायर आणि ब्रेक ठरवतात, आणि त्या सर्वांचा विचार करून आलेला आकडा आरसी बुकात लिहिलेला असतो. एकाच इंजिनाची बोलेरो पिकअप वेगवेगळ्या पासिंगमध्ये मिळते, यावरूनच हे स्पष्ट व्हावे.

केळीच्या बागेच्या बांधावर हे दृश्य नेहमीचे आहे. हौद्यात खाली केळीची पाने अंथरलेली असतात, मजूर डोक्यावर चुंबळ ठेवून एकेक घड आणत असतात, रास वर येत जाते आणि मागचे पाटे सरळ होऊन उलट्या बाजूला वाकू लागतात. तेवढ्यात कोणीतरी म्हणतो, ‘अजून दहा घड बसतील, गाडी दमदार आहे.’ घड सरासरी 20 किलोचा धरला, तर दहा घड म्हणजे दोन क्विंटल. 1.2 टनांच्या पासिंगला 60 घड पुरतात. 70 व्या घडाला गाडी पुढून हलकी होऊ लागते, स्टिअरिंग सैल लागते, आणि ब्रेक दाबल्यावर ती नेहमीच्या अंतरात थांबत नाही. इंजिन जितके दमदार, तितके हे सारे चालकाच्या उशिरा लक्षात येते, कारण चढताना त्याला काहीच जाणवलेले नसते.

खरी परीक्षा उतारावर होते. सेंधव्याकडून बिजासन घाट उतरून पळासनेरला येणाऱ्या रस्त्यावर जड गाड्यांचे ब्रेक तापून निकामी झाल्याच्या घटना आपण सर्वांनी ऐकल्या आहेत. ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागतो, त्याच गिअरमध्ये तो उतरावा, म्हणजे इंजिनाचा अटकाव मिळतो आणि ब्रेकवर भार येत नाही. मोठ्या इंजिनाची गाडी चौथ्या गिअरमध्ये चढते म्हणून चालक ती चौथ्यातच उतरवू पाहतो आणि सर्व भार ब्रेकवर टाकतो. भार जास्त असेल, तर मोठ्या इंजिनाची गाडीही एक गिअर खाली ठेवूनच उतरवावी.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 194 खाली जादा भारासाठी 20,000 रुपये आणि त्यावर प्रत्येक जादा टनाला 2,000 रुपये असा दंड आहे. शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्चही गाडीवाल्यावरच येतो. ज्यांचा माल खरोखरच जास्त निघतो, त्यांनी जास्त पासिंगची गाडी घ्यावी. तिच्याबरोबर योग्य इंजिन आपोआप येते.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात लहान इंजिन तापते, असे म्हणतात. ते कितपत खरे आहे?

काही अंशी खरे आहे. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. 25 अंशांच्या तुलनेत 45 अंशांवर हवा सुमारे 6 टक्के विरळ असते, म्हणजे इंजिनाला तेवढी हवा कमी मिळते. टर्बो आणि दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर ही उणीव बरीचशी भरून काढतात. एसीमुळे थोडी ताकद आणखी कमी होते. आधीच पूर्ण ताकदीने चालणाऱ्या लहान इंजिनाला हा फरक जाणवतो, राखीव ताकद असलेल्या मोठ्या इंजिनाला तितका जाणवत नाही. मात्र गाडी तापण्याचे कारण बऱ्याच वेळा इंजिनाच्या आकारात नसतेच.

एक अनुभव सविस्तर सांगतो. आमच्या 1,500 सीसीच्या पिकअपमध्ये मे महिन्यात टरबूज भरून आम्ही कन्नड घाटाने संभाजीनगरला निघालो होतो. पासिंगपेक्षा काही क्विंटल माल जास्त होता, ही चूक आमचीच होती. घाट अर्धा होण्यापूर्वीच काटा लाल पट्टीत गेला. गाडी बाजूला घेऊन पाऊण तास थांबलो. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडायचे नाही, एवढे भान ठेवले. परत आल्यावर घरात ठरले, की ही गाडी विकून मोठ्या इंजिनाची घ्यायची. विकण्यापूर्वी सर्व्हिस करावी म्हणून मिस्त्रीने पुढची जाळी काढली, तेव्हा रेडिएटरवर राखाडी रंगाचा एक थर निघाला. गोधडीच्या अस्तरासारखा, बोटाने सोलून काढता येईल असा. हिवाळ्यात आम्ही जिनिंगमध्ये कापसाच्या फेऱ्या केल्या होत्या. तेथे उडणारी रुई जाळीतून आत जाऊन रेडिएटरच्या पात्यांवर बसली होती आणि त्यावर रस्त्याची धूळ चिकटून हवेची वाटच बंद झाली होती. रेडिएटर धुतल्यावर आणि माल पासिंगइतका ठेवल्यावर तीच गाडी पुढचे दोन उन्हाळे तोच घाट काटा न हलवता चढली. ती आम्ही विकली नाही. कापसाची वाहतूक करणाऱ्या प्रत्येकाने हंगामात दर पंधरा दिवसांनी जाळी काढून, कमी दाबाच्या पाण्याने किंवा हवेने, पाती वाकणार नाहीत अशा बेताने रेडिएटर साफ करून घ्यावा.

पाणी दिलेल्या काळ्या जमिनीत गाडी रुतते. मोठे इंजिन असेल तर निघेल का?

नाही निघणार. रुतलेले चाक फिरत असते, म्हणजे ताकद पुरेशी आहे. कमी पडते ती मातीवरची पकड. जास्त टॉर्कने चाक आणखी खोल खड्डा करते. टायरची नक्षी शाबूत ठेवावी आणि पाणी दिल्यावर तीन-चार दिवस गाडी बांधावरच उभी करून घड तेथपर्यंत आणून घ्यावेत.

बीएस-6 गाड्यांत लहान-मोठ्या इंजिनाचा आणखी काही फरक पडतो का?

पडतो, आणि त्याची चर्चा फार कमी होते. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 मानके लागू झाल्यावर डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या मार्गात काजळी अडवणारा फिल्टर आला, ज्याला डीपीएफ म्हणतात. त्यात साठलेली काजळी धूर पुरेसा गरम असेल तेव्हाच जळून जाते. मोठ्या इंजिनाच्या गाडीत अर्धा टन माल भरून गावातल्या गावात पाच-सात किलोमीटरच्या फेऱ्या मारल्या आणि मध्ये तासन्‌तास गाडी जागेवर चालू ठेवली, तर धूर तेवढा गरम होत नाही, फिल्टर तुंबतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि गाडीची ओढ कमी होते. पुरेशा भाराखाली चालणारे लहान इंजिन या बाबतीत कमी त्रास देते. म्हणजे ‘मोठे घेऊन ठेवू, कधीतरी उपयोगी पडेल’ हा विचार नव्या गाड्यांच्या बाबतीत महागात पडू शकतो. अशी गाडी आधीच घेतली असेल, तर दिवा लागल्यावर महामार्गावर वीस-पंचवीस मिनिटे एकसारख्या गतीने चालवावी आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेली पद्धत पाळावी. फिल्टर काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये. तो बेकायदा आहे.

पेट्रोल किंवा सीएनजीची छोटी गाडी चालेल का?

जळगाव किंवा धुळे शहरात किराणा, दूध, पाण्याचे जार अशी हलकी वाटप असेल, तर चांगली चालेल. सीएनजीवर ताकद थोडी कमी मिळते आणि टाकीचे वजन मालाच्या वजनातून वजा होते, म्हणून घाटाच्या कामासाठी मी ती सुचवत नाही.

मोठ्या इंजिनाच्या पिकअपसाठी वेगळे लायसन्स लागते का?

नाही. लायसन्सचा संबंध एकूण वजनाशी आहे, सीसीशी नाही. 7,500 किलोपर्यंतच्या हलक्या वाहनाचे लायसन्स असलेली व्यक्ती त्या मर्यादेतील मालवाहू गाडी चालवू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 रोजीच्या निकालात स्पष्ट केले आहे.

जुनी गाडी घेत असेन, तर लहान इंजिन घ्यावे की मोठे?

जुन्या गाडीत आकारापेक्षा इतिहास महत्त्वाचा असतो. लहान इंजिनाची गाडी आधीच्या मालकाने सतत जादा भाराने चालवली असेल, तर त्याच्या खुणा लपत नाहीत. मागचे पाटे पाहावेत. मूळ पाट्यांत जादा पाटा घातलेला असेल, तर ती गाडी ओव्हरलोड चालली आहे, असे समजावे. इंजिन चालू ठेवून ऑइलचे झाकण उघडावे. तेथून धूर जोराने फेकला जात असेल, तर पिस्टन-रिंग झिजल्या आहेत. टर्बोला जोडलेला हवेचा पाइप सोडवून बोट फिरवावे. किंचित ओलसरपणा चालतो, ऑइल ओघळत असेल तर टर्बोचे काम निघाले आहे. शेवटी चढावर, वरच्या गिअरमध्ये, एकदम रेस द्यावी. इंजिनाचा आवाज वाढला पण गाडीची गती वाढली नाही, तर क्लच घसरतो आहे. या चारही गोष्टी ठीक असलेली लहान गाडी, त्या ठीक नसलेल्या मोठ्या गाडीपेक्षा केव्हाही चांगली.

माझे काम मिश्र आहे. बहुतेक दिवस सपाटी, पण हंगामात घाट. मग काय करावे?

असे गाडीमालक संख्येने सर्वांत जास्त आहेत आणि त्यांच्यासाठी एकच ठराविक उत्तर नाही. मी त्यांना एक महिना वही ठेवायला सांगतो. दर फेरीला तीन नोंदी कराव्यात: वजनकाट्याच्या पावतीवरचे मालाचे वजन, एकूण किलोमीटर, आणि वाटेत घाट होता की नाही. महिन्याच्या शेवटी पाच फेऱ्यांत दोन किंवा अधिक फेऱ्या भरल्या मालाने घाटातल्या निघाल्या, तर मोठ्या टॉर्कची गाडी घ्यावी. पाचात एखादीच निघाली, तर लहान गाडी घेऊन त्या एका फेरीचा माल दोन खेपांत न्यावा, किंवा त्या दिवसापुरती मोठी गाडी भाड्याने लावावी. वर्षभराच्या जादा हप्त्यापेक्षा ते भाडे बहुधा कमी भरते.

त्यानंतर मन पक्के करण्यासाठी चाचणी घ्यावी. शोरूमच्या दारातून रिकामी गाडी चौकापर्यंत फिरवून काहीही समजत नाही. आपल्या पासिंगइतकी खताची किंवा सिमेंटची पोती भरू द्यावीत, असा आग्रह धरावा आणि धुळ्याच्या बाजूचे असाल तर लळिंग घाटात, चाळीसगावचे असाल तर कन्नड घाटात गाडी न्यावी. चढताना सर्वांत अवघड वळणावर मुद्दाम गाडी उभी करावी, हँडब्रेक लावावा आणि पहिल्या गिअरमध्ये पुन्हा उचलावी. क्लचचा वास न येता ती सरळ निघाली, तर इंजिन आपल्या कामाला पुरेसे आहे, मग त्याचे सीसी कितीही असोत. वास आला किंवा गाडी आधी मागे सरकली, तर त्याच दिवशी तेवढीच पोती मोठ्या टॉर्कच्या गाडीत भरून त्याच वळणावर पुन्हा उभे राहावे.